अंगठा पंधरवड्यात बसत नाही

टोकावड्याच्या वरच्या वाडीतल्या मावशीचा अंगठा रेशनच्या मशीनवर लागत नव्हता. आयुष्यभर रानातली मोळी आणि भाताच्या आवणीचा चिखल. रेषा राहतील कुठून? ओटीपी यायला फोन नाही. अंगठा नाही तर तांदूळ नाही. आम्ही संघटनेतल्यांनी मोर्चा काढला, तेव्हा मशीनच्या सॉफ्टवेअरवाल्या कंपनीने मला 'लाभार्थ्यांची प्रतिनिधी' करून बैठकांत घेतलं. तोंड बंद करायची ही जुनीच रीत.

सॉफ्टवेअर जुनं, अवाढव्य. लिहिणारे कधीच सोडून गेलेले. त्यावर आता नवी पद्धत लावलेली, अजाइल. कामाचे तुकडे करायचे, प्रत्येकाची चिठ्ठी फळ्यावर लावायची, तुकडा पंधरवड्यात संपवायचा. रोज सकाळी सगळ्यांनी उभं राहून आपापली अडचण सांगायची. मी मुरबाडच्या स्टँडवरून फोनवर सांगायचे, "मावशीचा अंगठा."

"ताई, चिठ्ठी लावलीय," टीमचा प्रमुख गोड आवाजात म्हणायचा. "पण तो भाग जुन्या कोडच्या तळाशी आहे. हात लावला तर बाकीचं कोसळेल. पंधरवड्यात नाही बसत."

मग बसायचं काय? बटणाचा रंग. वरच्या पट्टीतला मंत्र्यांचा फोटो. ते झालं की टाळ्या. पद्धतीशी माझं भांडण नाही. सोपं ते तोडून उरकायचं आणि भुकेचं ते मोठं म्हणून मागे ढकलायचं, या लबाडीशी आहे.

एकदा झालेलं काम दाखवायला ते टोकावड्याच्या दुकानात आले. मी मावशीला पुढे केलं. अंगठा ठेवला; लाल दिवा. पुन्हा लाल.

"कापून देऊ का रे?" तिने प्रमुखाला विचारलं.

"आजी, हे आजच्या डेमोत नाही."

"आनि मी? मी पन नाय?" म्हणत तिने दारातच फतकल मारली. "तुमी चालू द्या. मी बसते हितं."

गर्दी जमली. दुकानदार घाबरला आणि त्याने आपल्या पोत्यातून तांदूळ मोजून दिले. सगळे हसले. मीही.

दुसऱ्या सकाळी प्रमुख म्हणाला, "आजींना धान्य मिळालं ना? चिठ्ठी 'पूर्ण'मध्ये टाकली."

"अहो, अंगठा अजून लागत नाही!"

"मग त्याची नवी चिठ्ठी काढा, ताई."

पुढच्या महिन्यात मशीन लालच. दुकानदाराने या वेळी पोत्याला हात लावला नाही. पाहुणे नव्हते, गर्दी नव्हती. बाहेर येऊन मी मावशीला सांगितलं, नवी चिठ्ठी लावलीय.

तिने रिकामी पिशवी काखेत धरली.

"शिजते का गो ती?"