वालाची खिचडी आणि दोन विहिणी

माझं माहेर पेणच्या खाडीकाठचं, मिठागरवाल्यांचं. सासर रोह्याच्या आतल्या अंगाला, भात आणि वाल पिकवणाऱ्यांचं. आता आम्ही रोह्याला लागूनच असलेल्या अष्टमी गावात फ्लॅटमध्ये राहतो, पण सासूबाईंचा वालाचा डबा सोबत आलाच. वालाची खिचडी ही आमच्याकडची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लाडकी गोष्ट. घरचा तांदूळ, घरचे वाल, एखादा कांदा, ओलं खोबरं, झालं. एवढ्याशा खिचडीवरून दोन विहिणी वर्षानुवर्षं भांडू शकतात हे लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

सासूबाईंचं म्हणणं, खिचडी रोह्याची. भात कापला की त्याच शेतात उरलेल्या ओलीवर वाल टाकायचे, ते दवावर वाढतात. वाल जिथले, खिचडी तिथली. त्यावर आई उसळायची. "आमच्या खारजमिनीत वाल होत नाय, मान्य हाय. पण माझा बापूस मीठ देऊन वाल आणायचा नि मिठागराच्या बांधावर एकाच टोपात भात-वाल शिजायचं. वाल तुमचे, खिचडी आमची!" दर सणाला हेच. वडखळच्या एका खानावळवाल्याने पाटीवर दोन्ही गावांची नावं टाकलीत. शहाणा माणूस.

गेल्या हिवाळ्यात वडील गेले आणि मी आईला अष्टमीला आणलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. स्वयंपाकघरात पाऊल नाही, ताटात हात नाही. पेज करून पाहिली, भाकरी आणि सुकट करून पाहिली, शेवटी हात टेकले. आई माझ्या डोळ्यांदेखत वाळत चालली होती आणि मला काही म्हणजे काही जमत नव्हतं. रडू येण्याऐवजी मला रागच यायचा, तिचा, माझा, सगळ्यांचा.

मग सासूबाईंनी वाल भिजवले. मोड आल्यावर आम्ही दोघींनी ते कोमट पाण्यात सोलले. त्यांनी खिचडी टाकली, मी वाढून आईपुढे ठेवली. तिने कसाबसा एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ कुठं हाय गो?"

मी चाखली. खरंच, चिमूटभरसुद्धा मीठ नव्हतं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. आजच विसरायचं होतं?

सासूबाई दारातून शांतपणे म्हणाल्या, "आमच्या रोह्याच्या खिचडीला मीठ कमीच लागतं."

आई ताडकन उठून बसली. "कमी? याला कमी म्हणतात व्हय?" पदर खोचून ती सरळ स्वयंपाकघरात गेली. खडेमीठ गरम पाण्यात विरघळवलं, खिचडीवर शिंपडलं, झाकण ठेवून मंद आच केली. मी डाव घातला तर माझ्यावरच ओरडली, "ढवळू नको, वाल मोडतील!" मग तिथेच ओट्याजवळ बसून, रोह्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, ताटभर जेवली.

ती हात धुवायला गेल्यावर मी सासूबाईंवर घसरले. "इतकी वर्षं रांधता, मीठ कसं विसरलात?"

त्या उरलेली खिचडी झाकत होत्या.

"विसरायला मी काय येडी हाय?" त्या म्हणाल्या. "हळू बोल गो. उद्या आमटी अळणी करायची हाय."