गैरहजरांचे फोटोग्राफर

असलेल्या गोष्टींचे फोटो काढणारे लोक या जगात रगड आहेत. नसलेल्या गोष्टींचे फोटो काढणारा माणूस मात्र एकच, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. हे विधान मी पूर्ण जबाबदारीनं करतो, कारण त्या फोटोंचे सतरा अल्बम मी पाहिलेले आहेत, आणि तेही एकाच बैठकीत. बँकेनं माझी बदली लखनौला केली, वृंदावन योजनेत मामांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून आम्ही घर भाड्यानं घेतलं, आणि पहिल्याच रविवारी आम्हाला फराळाचं बोलावणं आलं. मामींनी पोह्यांची बशी हातात दिली, मामांनी अल्बम मांडीवर ठेवला. पहिल्या पानावर एक झाड. दुसऱ्या पानावर दुसरं झाड. तिसऱ्यावर नदीचं पाणी, आणि त्यात काहीही नाही. चौथ्यावर चिखल. जावयाला शोभेल अशा सुरात मी म्हणालो, "वा मामा, निसर्गचित्रं फार छान काढता तुम्ही." मामांचा चेहरा पडला. "निसर्गचित्रं नाहीत ही, जावईबापू. गैरहजेरी आहे. ह्या सेमलवर, म्हणजे आपल्या काटेसावरीवर, गिधाडांची अख्खी पंचायत बसायची. ह्या पाण्यात सूँस उसळायची, म्हणजे आपली नदीतली डॉल्फिन. आणि ह्या चिखलात म्हणे गुलाबी डोक्याचं बदक असायचं. ते तर आता साऱ्या दुनियेत कुणाला दिसत नाही. जन्मभर रेल्वेत हजर माणसांचा मस्टर पाहिला, आता गैरहजरांचा सांभाळतो."

मामा मूळचे अकोल्याचे. पुलांचे इंजिनिअर म्हणून विशीत लखनौला आले आणि इथलेच झाले. वऱ्हाडी मोकळेपणा आणि लखनवी अदब यांची त्यांच्या जिभेवर जी खिचडी झाली होती तिला तोड नव्हती. "काहून बापा, इतके दिवस तोंड दाखवलं नाही?" असं फाटकातूनच ओरडायचे आणि पुढच्याच क्षणी कमरेत वाकून "या, तशरीफ ठेवा" म्हणायचे. पुलांच्या तपासणीसाठी त्यांना मैलोन्‌मैल रुळांच्या कडेनं चालावं लागे. वाटेत मेलेलं जनावर दिसलं तर गिधाडं तासाभरात त्याचा सांगाडा करून मोकळी होत. पुढं एके वर्षी एक म्हैस चार दिवस तशीच पडून राहिली. बरोबरच्या लोकांनी नाकाला रुमाल लावले; मामांनी मात्र मान वर करून आभाळ पाहिलं. ते रिकामं होतं. त्यांनी त्याच दिवशी साहेबांकडे तोंडी तक्रार केली, "सर, गिद्ध नहीं आ रहे हैं।" साहेबांनी तो विषय आपल्या विभागाचा नाही असं सांगितलं. तेव्हापासून मामांनी तो आपला विभाग मानला.

या विभागाचं कामकाज कुठंही, कधीही चालू होई. लग्नाच्या मांडवात शिरल्यावर लोक आधी जेवणाची दिशा पाहतात. मामा सर्वांत म्हातारा माणूस शोधत. त्याच्या शेजारी अदबीनं बसून विचारत, "हुज़ूर, आपने आख़िरी बार गिद्ध कब देखा था?" एका लग्नात तो म्हातारा नेमका नवरदेवाचा आजोबा निघाला. त्याला गिधाडं आठवली, मग गिधाडांवरून कोल्हे आठवले, कोल्ह्यांवरून स्वतःचं गाव आठवलं, आणि आशीर्वादासाठी थांबलेली वरमाला तासभर थांबूनच राहिली. वधूपक्षानं मामांकडे जे पाहिलं ते मला अजून आठवतं. मामांनी मात्र परत येताना स्कूटरवर मागे वळून मला सांगितलं, "नदीपलीकडची चिंच! उद्याच जायला पाहिजे." स्कूटरवर मागे वळून बोलणं धोक्याचं होतंच, पण मामांच्या स्कूटरला हॉर्नही नव्हता. पाखरं दचकतात म्हणून त्यांनी तो काढून टाकला होता. चौक नावाच्या जुन्या बाजारपेठेच्या गल्लीत, जिथं हॉर्नशिवाय श्वासही घेता येत नाही, तिथं मामा "ज़रा इनायत! ज़रा इनायत!" असं ओरडत जात, आणि आश्चर्य म्हणजे लोक हसून वाट देत.

मामींनी हे सगळं दोन शब्दांत सहन केलं होतं, आणि ते शब्द होते "असू दे". त्यांची तक्रार एकच होती. "लग्न झाल्यापासून ह्यांनी माझे किती फोटो काढले असतील? एक. तोसुद्धा झाडाची उंची कळावी म्हणून मला खोडापाशी उभं केलं तेव्हा." मामांनी तो फोटो मला लगेच काढून दाखवला. "पाहा, हिच्यामुळे फांदीचा अंदाज येतो का नाही?" अंदाज येत होता.

या अल्बमांचं प्रदर्शन भरावं अशी मामांची फार इच्छा होती. एक दिवस मला बरोबर घेऊन ते हज़रतगंजच्या एका चित्रदालनात गेले. तिथल्या तरुण बाईंनी सौजन्यानं तीस-चाळीस फोटो पाहिले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि विचारलं, "सर, इनमें सब्जेक्ट कहाँ है?" मामा आनंदानं उडालेच. "वही तो! वही तो मैं पूछ रहा हूँ!" बाईंनी मान डोलावली आणि आम्हाला चहा पाजून वाटेला लावलं. मेट्रोत मामांनी फोटो पुन्हा एकदा चाळले. म्हणाले, "बाईंची चूक नाही. ज्यानं गिधाड पाहिलंच नाही त्याला ते नसलेलं कसं दिसणार?"

त्या प्रश्नाचं उत्तर चौकच्या त्याच गल्ल्यांत मिळालं. मामी चिकनच्या, म्हणजे लखनवी भरतकामाच्या, कुर्त्याचं काम एका वयस्क कारागीर बाईंकडून करून घेत. सगळे त्यांना आपा म्हणत. मामी मापं देत होत्या, तोवर मामांनी सवयीनं खिशातून सेमलचा फोटो काढला आणि सवयीचाच प्रश्न विचारला. आपांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "ये तो नाले वाला सेमल है। मेरे बचपन में यहाँ बैठते थे, साहब। यहाँ, यहाँ, और बूढ़ा वाला अलग, इस डाल पर।" त्यांनी बोट ठेवलं त्या जागी फोटोत नुसतं आभाळ होतं. मामा म्हणाले, "आपा, बना सकती हैं?" मग तो फोटो सुती कापडावर मोठा छापून घेतला गेला, आणि आपांनी त्यावर पांढऱ्या धाग्यानं गिधाडं काढली. पंखांना उलट्या बाजूनं भरलेला बखियाचा टाका, की पिसं धुक्यातून यावीत तशी दिसावीत. मानेवर तांदळाएवढ्या बारीक मुर्रीच्या गाठी. म्हातारं गिधाड वेगळ्या फांदीवर. ते कापड पहिल्यांदा भिंतीवर लावलं तेव्हा मामी कितीतरी वेळ त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्या दिवशी प्रथमच "असू दे" म्हणाल्या नाहीत. वर्षभरात अशी अकरा कापडं झाली. मामा चिखल आणत, आपा बदक आणत.

आणि त्याच सुमारास आमच्या सेक्टरच्या टोकाला असलेल्या तालावर संकट आलं. ताल म्हणजे मोठंसं डबकंच, पण त्यात गवत होतं, आणि त्या पावसाळ्यात गवताचा ढीग रचून सारसांच्या एका जोडीनं तिथं घरटं केलं होतं. माणसाएवढा उंच पक्षी, राखाडी अंग, लालभडक मान. नर अंड्यांवर बसला की मादी पहारा करी आणि मादी बसली की नर. मामा रोज सकाळी अर्धा मैल चालत जाऊन लांबूनच त्यांना सलाम करून येत. इकडे रहिवासी समितीनं ठरवलं की ताल बुजवून तिथं पार्किंग आणि लग्नाचं लॉन व्हावं, असा अर्ज करायचा. अर्जावर सर्वसाधारण सभेत सह्या व्हायच्या होत्या. मामा अध्यक्षांच्या घरी तीनदा गेले. अध्यक्ष तिन्ही वेळा नम्रपणे म्हणाले, "भाई साहब, दो चिड़ियों के लिए दो सौ गाड़ियाँ सड़क पर खड़ी रहेंगी क्या?"

मामांना मी एवढं अस्वस्थ कधी पाहिलं नव्हतं. जेवणावरून उठून जायचे. मी समजुतीसाठी म्हणालो, "मामा, निदान फोटो तरी काढून ठेवा." ते माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचे चिडले. "रिकाम्या तालाचा फोटो? ह्या उमरीत आणखी एक झाड, आणखी एक चिखल? हा फोटो मला काढायचा नाहीये, समजलं?" मग ते आपांकडे गेले आणि म्हणाले, निदान सारसांचं एक कापड करा, सभेत दाखवीन. आपांनी साफ नकार दिला. "जो ज़िंदा है उसे मैं धागे में नहीं डालूँगी, साहब। बदशगुनी होती है।" मामा रिकाम्या हातानं निघाले, दारापर्यंत गेले, आणि परत फिरले. "ठीक है आपा. फिर मुझे कोरा कपड़ा ही दे दीजिए।"

सभेच्या रविवारी सकाळी सामुदायिक सभागृहाच्या भिंतींवर बारा कापडं टांगलेली होती. लोक अर्जासाठी आले आणि भिंतींपाशी अडकले. आधी लांबून नुसती झाडं दिसायची. जवळ गेलं की धागा उजेड धरायचा आणि पक्षी प्रकटायचा. म्हातारे बोलायला लागले. "अरे, ये तो हमारे यहाँ भी..." पोरांनी आजोबांचे हात धरून विचारायला सुरुवात केली. अर्ध्या तासानं अध्यक्षांनी घंटी वाजवली आणि बाराव्या कापडाकडे बोट दाखवून जरा त्रासिक सुरात विचारलं, "और इसमें क्या है? ये तो बिल्कुल कोरा है।"

मामा उठले. कमरेत वाकले. "अभी तो इसमें कुछ नहीं है, हुज़ूर। आप काग़ज़ पर दस्तख़त कर दीजिए, ताल पट जाए, फिर मैं वहाँ का फोटो खींच लाऊँगा और आपा उस पर सारस काढ़ देंगी। जगह हमने रख छोड़ी है।"

मग पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या अध्यक्षांच्या आईंनी पदर सावरला. नव्वदीच्या घरातल्या बाई. त्या लेकाकडे बघून एवढंच म्हणाल्या, "हमारे गाँव में जिस खेत में सारस बैठ जाए, उसमें कोई हल नहीं डालता था। तू जोड़ा उजाड़ेगा, बबुआ?" साठी ओलांडलेल्या बबुआनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, अर्जाची घडी केली आणि कोटाच्या खिशात घातली. "गाड़ियाँ तो... सड़क पर भी खड़ी हो ही रही हैं," ते म्हणाले. सभागृहात जी टाळी झाली तशी मी बँकेच्या कुठल्याही वार्षिक सभेत ऐकलेली नाही. आपांनी मामींच्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं. मामा मात्र खाली बसून चष्म्याची काच पुसत होते. त्यांना ती बराच वेळ स्वच्छ वाटेना. त्याच सभेत दुसरा अर्ज लिहिला गेला: ताल आहे तसा राहावा, आणि भोवती कुंपण मिळावं. पहिली सही अध्यक्षांची.

पुढचे दिवस म्हणजे मामांची राजवटच होती. कुत्र्यांना लांब ठेवायला सेक्टरनं पाळ्या लावल्या, आणि अध्यक्ष स्वतः मंगळवारी काठी घेऊन उभे राहू लागले. दोन पिल्लं बाहेर आली, पिवळसर, लोकरीच्या गुंड्यांसारखी, त्या दिवशी सेक्टरभर जलेबी वाटली गेली. एक पिल्लू जगलं नाही. दुसरं आईबापांच्या मधोमध चालत मोठं झालं, आणि हिवाळ्यात एका सकाळी धावत धावत उडालं. मी शेजारी होतो. मामांच्या गळ्यात कॅमेरा होता आणि त्यांचे दोन्ही हात आभाळाकडे. हज़रतगंजच्या त्याच बाईंनी मग स्वतः येऊन कापडं मागून नेली. उद्घाटनाला एवढी रांग लागली की मामांना स्वतःच्याच प्रदर्शनात शिरायला "ज़रा इनायत" करावं लागलं. पाटीवर आधी आपांचं नाव होतं, खाली मामांचं. तशी मामांची अटच होती.

गेल्या वर्षी मामांचे गुडघे बोलायला लागले आणि मग हृदयानंही आपली तक्रार नोंदवली. लेक नागपूरला असते, ती दोघांनाही घेऊन गेली. निघताना मामांनी मला कॅमेरा दिला नाही, अल्बम दिले नाहीत, नुसतं विचारलं, "सहाला उठता ना तुम्ही?" मी आयुष्यात कधी सहाला उठलो नव्हतो. हो म्हणालो.

आता रोज सकाळी सहा वाजता मी तालाच्या काठावर असतो. नागपूरला फोन लावतो. जोडी अजून तिथंच आहे. ऊन गवतावर आलं की दोघं माना आभाळाकडे करून एकदम ओरडतात, तुतारी फुंकावी तशी, आणि मी फोन त्यांच्या दिशेनं उंच धरून उभा राहतो. काल तो आवाज थांबल्यावर मी फोन कानाला लावला आणि म्हटलं, "मामा, ऐकलंत?" पलीकडून मामींचा आवाज आला, हलकेच, कुणी निजलेलं जागं होऊ नये तसा. "ऐकलं त्यांनी. पडल्यापडल्या, डोळे मिटून हसतायत. उद्या पुन्हा लाव हो."