दोन वाजताची सही

थिएटरात त्याला सगळे बॅटरीमामा म्हणायचे. अंधारात उशिरा येणाऱ्यांच्या पायाशी बॅटरीचा उजेड पाडायचा आणि त्यांना खुर्चीपर्यंत नेऊन बसवायचं, हे त्याचं काम. या कामात चौदा वर्षं गेली, पण मामाने किती सिनेमे पाहिले ते विचारू नका. तो पडद्याकडे पाठ करून उभा राहायचा आणि लोकांकडे बघायचा. कोण घोरतंय, कोणी पुढच्या खुर्चीवर पाय टाकलेत, कोणाचं तान्हं आता भोकाड पसरणार आहे. मॅनेजर म्हणायचा, "मामा, तुमच्यासारखा अरसिक माणूस या धंद्यात दुसरा नसेल." मामा म्हणायचा, "साहेब, तुम्ही पगार बघायचा देता की बसवायचा?" विषय तिथेच संपायचा.

त्याआधी तो एका कापडगिरणीत बॉयलरवर होता. गिरणी बंद पडली आणि चारशे माणसं रस्त्यावर आली. कोणी भाजी विकली, कोणी रखवालदारी धरली. मामाला ही नोकरी मिळाली ती त्याच्या अक्षरामुळे. अर्ज वाचून मॅनेजर म्हणाला होता, एवढं सुंदर अक्षर असलेला डोअरकीपर मी पाहिला नाही. अक्षर खरंच मोत्याच्या दाण्यासारखं. त्याच अक्षराने त्याचा घात केला, पण ते मॅनेजरला काय ठाऊक, अर्जात गिरणीचा उल्लेखच नव्हता.

तर झालं असं, की त्या गिरणीतल्या बॉयलरच्या स्फोटावर सिनेमा निघाला. एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट, लोक विसरलेसुद्धा होते. पण कोणीतरी जुना चौकशी अहवाल उकरून काढला, दोन वर्षं खपून सिनेमा केला आणि तो नेमका मामाच्याच थिएटरात लागला. दारावर हातभर अक्षरांत पाटी, 'सत्य घटनेवर आधारित'. दिवसाला चार खेळ. या वेळी पाठ करून उभं राहणं मामाला जमेना.

पहिल्या दिवशी त्याला हसूच आलं. पडद्यावरचं बॉयलरघर केवढं, तर लग्नाचा हॉल वाटावा. खरं बॉयलरघर एवढंसं होतं, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटायचं. पडद्यावर सगळ्यांचे कपडे इस्त्रीचे. आणि पैलवान? पैलवान म्हणजे मामाचा जोडीदार, हडकुळा, फुंकर मारली तर उडेल असा, म्हणून तर गिरणीने थट्टेने त्याचं नाव पैलवान पाडलेलं. सिनेमावाल्यांनी नाव वाचलं आणि खरोखरचा दंडबेटकुळ्यावाला गडी आणून उभा केला. इथपर्यंत ठीक होतं. पण दुपारच्या पाळीत हा गडी बाकाखालून बाटली काढतो, ढोसतो आणि तिथेच आडवा होतो. दाबाचा काटा चढत जातो, हा घोरतोय. मग धडाम. पिटातून दर खेळाला शिव्या पडायच्या, "ऊठ की मेल्या, ऊठ."

पैलवान आणि दारू. जो माणूस खोकल्याच्या औषधाने गरगरायचा तो.

मामाचं डोकं फिरलं. तो तडक मॅनेजरकडे गेला. "साहेब, हे खोटं आहे. तो माणूस पीत नव्हता."

"तुम्हाला काय माहीत?"

मामा घुटमळला. म्हणाला, "आमच्या आळीत राहायचा."

मॅनेजर हसला. "अहो, सिनेमा आहे तो, चारित्र्याचा दाखला नाही. नुसतं झोपला दाखवलं तर लोकांना राग कसा येणार? आणि झोपला होता हे तर अहवालातच आहे ना?"

 बाटलीवर मामा तासभर भांडला असता. झोपेवर मात्र तो आल्या पावली परत फिरला. बाटली सिनेमावाल्यांची होती, झोप त्याची स्वतःची होती. म्हणजे त्याने पैलवानाच्या गळ्यात बांधलेली.

आता हे नीट सांगायला हवं. बॉयलरवर दर तासाला एक काम असतं. आत पाणी किती आहे ते दाखवणारी एक काच असते. नुसतं काचेकडे बघून चालत नाही, काच कधीकधी फसवते. खालची तोटी सोडायची, पाणी जाऊ द्यायचं, परत चढतंय का बघायचं, आणि मग वहीत लिहायचं, पाणी बरोबर, सही. पैलवान भट्टीवर, त्याचे हात कोपरापर्यंत काळे. वहीला हात लावला की पान खराब, आणि साहेब पानासाठी ओरडायचा. म्हणून वही मामाकडे. मामा दोघांच्याही नावाने लिहायचा, दोघांच्याही सह्या करायचा. पैलवानाची सही म्हणजे वेडीवाकडी तीन अक्षरं आणि शेवटी एक शेपूट. मामा ती इतकी हुबेहूब करायचा की पैलवान म्हणायचा, "माझ्यापेक्षा तुझीच खरी वाटते." सगळ्या पाळ्यांत हीच रीत होती. कोणाला त्यात पाप वाटत नव्हतं.

त्या दिवशी मामाला सिनेमाला जायचं होतं. बाराचा खेळ, थिएटर पाच मिनिटांवर, तीनला परत. पैलवान म्हणाला, "जा तू, मी आहे ना." मामाने घाईत बाराची सही केली, पण तोटी सोडून बघितली नाही, कारण उशीर झाला होता. आणि जाता जाता, पैलवानाला काळ्या हातांनी वही उघडायला नको म्हणून, एकची आणि दोनची ओळसुद्धा लिहून टाकली. पाणी बरोबर. खाली पैलवानाची सही, शेपटासकट. कशासाठी, तर मित्राचा त्रास वाचावा म्हणून.

तोटी तुंबली होती. बाराला तोटी बघून झालीय असं धरून पैलवान नुसत्या काचेवर विसंबला; काचेत पाणी दिसत राहिलं आणि बॉयलर आत कोरडा होत गेला. सव्वादोनच्या सुमारास थिएटरच्या भिंती हादरल्या. मामा धावत पोचला तेव्हा बंबसुद्धा आला नव्हता. धुरातून आत शिरलेला पहिला माणूस तोच. त्याने पाहिलं, की भट्टीच्या तोंडासमोर जळत्या कोळशाचा ढीग पडलाय आणि पैलवान त्याशेजारी पालथा, हातात विस्तव ओढायची लांब आकडी. म्हणजे त्याला कळलं होतं. पळायला दार चार पावलांवर होतं, आणि हा हडकुळा माणूस एकटा उभा राहून भट्टीतला विस्तव बाहेर ओढत होता. दोघांचं काम ते. भिंतीपलीकडे घड्या घालायच्या खात्यात चाळीस बायका होत्या, सगळ्या वाचल्या. विस्तव आत असता तर भिंतच राहिली नसती.

मग बंब आला आणि पाण्याने तो ढीग, सगळं धुऊन नेलं.

चौकशीत साहेबांनी हिशोब मांडला. दोनला पाणी बरोबर आणि सव्वादोनला बॉयलर कोरडा, हे होणं शक्य नाही. म्हणजे वहीतल्या ओळी न बघता आधीच भरल्यात. भरल्या कोणी? मामाला विचारलं, "ही सही कोणाची?" मामाची पाचावर धारण बसली होती. घरी म्हातारी आई, बायकोला सातवा महिना. तो म्हणाला, "त्याचीच." तू कुठे होतास? "बाहेर, कोळशाच्या साठ्याकडे." झालं. अहवालात आलं, पैलवान आकडे आधीच भरून झोपला, जाग आली तेव्हा उशीर झाला होता. मेलेला माणूस काही बोलायला येत नाही.

सिनेमावाल्यांनी कागदात होतं तेच दाखवलं, वर बाटली ठेवली. त्यांना शिव्या देऊन मामाला किती हलकं वाटणार?

तिसऱ्या आठवड्यात पैलवानाची मुलगी थिएटरच्या दारात येऊन उभी राहिली. बाप गेला तेव्हा ती सहा वर्षांची होती. आता एका वकिलाकडे टायपिस्ट होती, चष्मा, खांद्याला पिशवी. तिने सिनेमा पाहिला नाही. म्हणाली, "काका, उद्या सकाळी घरी याल? आईने बोलावलंय. एक सही हवी आहे तुमची."

 त्या सहीच्या विचाराने मामा रात्रभर जागा होता. बायको म्हणाली, "पित्त झालंय का?" तो हो म्हणाला.

पैलवानाच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या घरी तो वर्षाकाठी दोनदा जायचाच. पोरीची वह्यापुस्तकं, कधी छपराची डागडुजी. वहिनी म्हणायच्या, मित्र असावा तर असा. ते ऐकलं की मामाला चहा गिळवायचा नाही. खोली तीच होती, एक पलंग, एक टेबल, खिडकीपाशी वहिनींचं शिलाई मशीन. भिंतीवर पैलवानाचा फोटो नव्हता, कधीच नव्हता. एकदा मामाने विचारलं होतं. वहिनी म्हणाल्या होत्या, "झोपला तो, आणि मला जन्माची जागी ठेवून गेला. त्याला रोज कशाला बघू?"

मुलीने टेबलावर दोन कागद ठेवले. "मी सिनेमावाल्यांना पत्र लिहिलं होतं, की बाटली काढा. त्यांनी उत्तर पाठवलंय. आम्ही अहवाल सोडून काही दाखवलेलं नाही म्हणतात. आणि पुरावा म्हणून हे." दुसरा कागद म्हणजे त्या वहीच्या पानाची झेरॉक्स. बारा, एक, दोन. तीन अक्षरं आणि शेपूट.

मामाने नजर काढून घेतली.

"आता मी त्यांना दुसरा अर्ज लिहिलाय. तुम्ही साक्षीदार म्हणून सही करा. बाबा दारू पीत नव्हते, एवढंच." तिने वाचून दाखवलं. सरळ, साधं लिहिलेलं होतं. एक वाक्य मात्र मध्येच आलं, "कामावर असताना माझ्या वडिलांना झोप लागली हे आम्हांस मान्य आहे."

"हे कशाला?" मामा म्हणाला.

"खरं आहे म्हणून, काका. आपण एक खोटं काढायला सांगतोय तर दुसरं लपवायचं कशाला? डोळा लागतो माणसाचा. मी त्यांना कधीच माफ केलंय."

पेन समोर होतं. सही केली असती तर बाटली गेली असती, मामा भला माणूस राहिला असता, वहिनींनी चहा टाकला असता. अर्जातला शब्द न् शब्द या मायलेकींच्या दृष्टीने खरा होता. मामाने पेन उचललं आणि परत खाली ठेवलं.

"तो झोपला नव्हता," तो म्हणाला.

आणि मग त्याने सगळं सांगितलं. तोटी, बाराचा खेळ, आधी लिहिलेल्या ओळी, कोळशाचा ढीग, आकडी. काही लपवलं नाही. चौकशीतल्या साहेबाला काय सांगितलं तेही सांगितलं. 

 मुलीने त्याच्या हातावर हात ठेवला. "काका, तुमचा जीव होता त्यांच्यावर, मला माहीत आहे. पण बाबांसाठी तुम्ही खोटं नका बोलू. सिनेमावाले एक रचतात, तुम्ही दुसरं रचणार. मग फरक काय राहिला?"

आता बोला. एकोणीस वर्षांचं खोटं सगळ्यांनी एका घासात गिळलं होतं, आणि खरं कोणाच्या घशाखाली उतरेना. मामाने वहिनींकडे पाहिलं. वहिनींच्या हातातलं कापड मशीनच्या सुईखाली अडकून पडलं होतं. 

मामाने झेरॉक्स पालथी केली आणि पेन घेतलं. पैलवानाची सही त्याने एकोणीस वर्षांत केली नव्हती. हात विसरला असेल असं त्याला वाटलं, विसरला असता तर बरं झालं असतं असंही वाटलं. हात विसरला नव्हता. तीन अक्षरं आणि शेपूट, एका दमात. खाली परत. त्याखाली आणखी एकदा.

मुलीने कागद उजेडाकडे धरला. पुढची बाजू पाहिली, मागची पाहिली, परत पुढची. टायपिस्टची नजर ती, दिवसभर कागदच बघणारी. तिने मामाच्या हातावरचा हात कधी काढून घेतला ते मामाला कळलंसुद्धा नाही.

"आईने तुम्हाला दर वर्षी चहा करून दिला," ती म्हणाली.

 मामा उठायला लागला.

"बसा," वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी सपाट होता. "लिहून झाल्याशिवाय उठायचं नाही. झालं की जा आणि परत या दारात येऊ नका." मग त्या मुलीकडे वळल्या. "नवीन कागद घे. यांचं काय ते मागनं लिही, तोटी आणि सिनेमा आणि सगळं. आधी एवढंच लिही, की तो जागा होता."

मुलीने कागद घेतला, पण अक्षर काही उमटेना. वहिनींनी तो कागद तिच्या पुढ्यातून काढला आणि मामासमोर सरकवला.

"तुमचं अक्षर चांगलं आहे ना," त्या म्हणाल्या. "लिहा."