आत्याबाईंच्या पेटीतली चार पत्रं

माझ्या सासूचं शेजारच्या उर्दू मास्तरांशी प्रेमप्रकरण होतं, असं मी एकोणिसाव्या वर्षी ठरवून टाकलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पाहिलं नव्हतं. मी ठरवलं. मॅट्रिक झालेली होते ना!

हे आज आठवलं ते नातीनं पुण्याहून आणलेल्या जाडजूड कादंबरीमुळं. कव्हरवर पाठमोरी बाई. असल्या पुस्तकांतल्या बायकांना तोंड नसतंच. आत एक आजची मुलगी आणि एक युद्धातली. आजचीला माळ्यावर पत्रं सापडतात, युद्धातलीचं प्रेम नेमकं नको त्या माणसावर, एक प्रकरण इकडचं, एक तिकडचं, आणि शेवटी आजचीचंही लग्न जुळतं. दुसऱ्याच्या पेटीत हात घातल्याचं बक्षीस! मी चार दिवसांत वाचून काढली आणि पाचव्या दिवशी तिच्यावर कोथिंबीर निवडली. नात भडकली. म्हणाली, "आजी, तुला रोमान्समधलं काही कळत नाही." मग जरा वेळानं जवळ सरकून, "आपल्या घरात होती का गं अशी लपवलेली पत्रं?"

होती. आणि मला कळत नाही म्हणतेस, तर ऐकच.

माझं माहेर वऱ्हाडातलं, सासर जाफराबादकडचं. अंतर बैलगाडीनं निम्म्या दिवसाचं, पण एके काळी मधे सरहद्द होती; अलीकडं निजामाचं राज्य, पलीकडं आम्ही. रझाकारांच्या धामधुमीत इकडचे पुष्कळ पुरुष तिकडं निघून गेले होते. त्यात माझे सासरेही. हे मला लग्नाआधीच ठाऊक होतं. तिकडं असताना माणूस घरी पत्र लिहील, एवढं मात्र माझ्या डोक्यात शिरलं नाही. डोक्यात जागाच नव्हती. नवरा तालुक्याच्या वाचनालयातून आठवड्याला दोन कादंबऱ्या आणायचा आणि मी भाकरी करपवत त्या संपवायचे.

सासरे वारल्यानंतरची पहिली दिवाळी. मी पणत्या घेऊन आतल्या खोलीत गेले, तर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, लोखंडी पेटी उघडून बसलेल्या. तळाचा कागद उचलून त्यांनी चार पिवळी पत्रं काढली. त्यांना अक्षर येत नव्हतं. नुसती मांडीवर ठेवून बसल्या. मला पाहताच पेटी बंद. झालं! दुसऱ्या दिवशी त्या कापूस वेचायला गेल्या आणि मी पेटीत हात घातला.

पत्रं उर्दूत होती.

माझ्या माहेरी उर्दू म्हणजे मुसलमानांची, एवढीच अक्कल. गल्लीत उर्दू येणारा पुरुष एकच, पलीकडच्या घरातले मास्तर. ते आत्याबाईंना "भाभी" म्हणायचे आणि दर ईदला शिरखुर्मा पाठवायचे. आणखी काय पुरावा पाहिजे? नवऱ्याला विचारलं असतं तर एका वाक्यात उलगडा झाला असता. पण मग माझी कादंबरी चौथ्याच पानावर संपली असती, तिचं काय?

वाचलेल्या पुस्तकांत दोघांना समोरासमोर आणतात. मीही आणलं. एका दुपारी आत्याबाईंना म्हणाले, "मास्तरांना बरं न्हाई म्हणं, बघून येऊ." मास्तर ओट्यावर धडधाकट बसून सुपारी कातरत होते. मी पदराआडून पत्रं काढली, त्यांच्या बाजेवर ठेवली आणि दोघांची तोंडं बघत उभी राहिले. काय तो माझा आव! फौजदारानं झक मारली असती.

आत्याबाई पांढऱ्या पडल्या. मला वाटलं, पकडली.

मास्तरांनी पहिलं पत्र उचललं, चष्मा सारखा केला आणि चक्क हसले. "अरे, हे तर आपल्या दादाचं अक्षर! भाभी, आम्ही दोघं एका बाकावर शिकलो. माझ्या पाटीवर पाहून लिहायचा बदमाश."

"मामंजी उर्दू लिहायचे?" मी.

"मंग काय करील, बेटा? तवा शाळाच तेवढी होती. हिंदू असो का मुसलमान, समद्यांना अलिफ-बे."

इथं थांबायला हवं होतं. कुणीही थांबलं असतं. पण प्रियकर गेला तर गेला, निदान नवऱ्याचं विरहाचं पत्र तरी ऐकू, म्हणून मी म्हणाले, "वाचा ना, मास्तर. आत्याबाईंनाही कळंल."

"राहू दे," आत्याबाई म्हणाल्या. मी ऐकलं, पण मानलं नाही. "वाचा हो!"

मास्तर वाचू लागले. पांढऱ्या बैलाच्या खुराला हळद लावावी. कडबा भावकीला देऊ नये. सरकी कोरडी ठेवावी. पुढचं पत्रही तसंच, त्यात बैलाचा खूर बरा झाला का, एवढी चौकशी. तिसरं वाचताना मास्तरांनी आत्याबाईंकडं पाहिलं. मग त्यांचा आवाज बदलला. "पुढं लिहितात... तिकडं जीव लागत न्हाई. चुलीपुढं तुम्ही बसलेल्या दिसता. बांगड्यांचा आवाज..."

मी वाकून कागदावर बोट ठेवलं. "मास्तर, ओळी तर पाचच हायेत. तुम्ही इतकं कुठून वाचून राह्यले? बराबर वाचा. जे हाय तेच."

मास्तरांनी माझ्याकडं असं पाहिलं की आजही कान तापतात. त्यांनी चष्मा काढला, चारही पत्रं घडी करून आत्याबाईंच्या हातात दिली. "एवढंच हाय, भाभी." आत्याबाई उठल्या आणि माझी वाट न पाहता निघून गेल्या.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो कपाळावर हात मारून म्हणाला, "अगं, तेव्हा ती पत्रं आजोबांनीच वाचून ठेवून दिली होती. परत आल्यावर बाबा दर दिवाळीला ते कागद काढून आईला वाचून दाखवायचे. तुझी सय येती, तुझ्या बांगड्या ऐकू येतात, असलं. आम्ही पोरं दाराआड हसायचो. ते बैलाचं होतं?"

त्यानंतर दीड महिना आत्याबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. बोलायचं ते म्हशीशी, मला ऐकू जाईल असं. "म्हशे, मॅट्रिकला सांग, दूध उतू जाऊन राह्यलं." "म्हशे, मॅट्रिकला इचार, आज कुणाची पेटी उघडायची हाय?" म्हैस बिचारी रवंथ करायची. मी रागानं दुप्पट जोरात भांडी आपटायचे. मीच चुकले होते आणि मलाच राग! दीड महिन्यानं तो उतरला, तेव्हा एका सकाळी चुलीपाशी त्यांचे पाय धरले आणि घोकून ठेवलेलं वाक्य म्हणाले, "आत्याबाई, चुकले. पण मला वाटलं, खरं काय ते तुम्हाला कळलं पाहिजे."

त्यांनी पाय मागं घेतले. आणि म्हशीशी नाही, माझ्याशी बोलल्या:

"खरं? खरं मला पहिल्या दिवाळीलाच कळल्तं. दर साली कागद तोच, अन् वाचायचे नवं. खोटं बोलणं बिलकुल जमायचं न्हाई त्यांना, कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. ते गेल्यावर मी कागद घेऊन बसायची, औंदा काय वाचलं असतं म्हणून. आता उघडला का बैलच दिसतो मला. तुझा नवरा करतो का गं तुझ्यासाठी एवढी मेहनत? सांगू नको. ती भाकर उलथ, करपून राह्यली."