पडद्यावरचा दुसरा काटा

पद्मनाभचा कोणावरच भरवसा नसे. निपाणीहून बंगलोरला येऊन बरीच वर्षं झाली, तरी बनशंकरीतल्या घराचं कुलूप तो लावल्यावर ओढून बघे. बायको शालन हसली, की तिच्याकडेही संशयानेच बघे.

कंपनीत त्याने पडद्यावर चित्रं काढायच्या तयार कोडची लायब्ररी लिहिली होती. एकच कोड विंडोजवरही चाले आणि युनिक्सवरही. तिच्या मुख्य फाईलला हात लावायचा, तर चन्नपट्टणची लाकडी बाहुली आधी आपल्या मॉनिटरवर आणून ठेवायची, असा ऑफिसचा शिरस्ता. बाहुली एकच, म्हणून बदल करणाराही एकच. ती पद्मनाभच्या मॉनिटरवरून सहसा हलत नसे.

शहाण्णव साली एका कारखान्यासाठी पडद्यावर फिरत्या काट्याचा मीटर दाखवायचा होता. काटा फिरताना चित्र लुकलुकायचं. पद्मनाभने डबल बफरिंग घातलं. म्हणजे दोन पाट्या: एक लोकांना दाखवायची, तोवर आडोशाला दुसरीवर पुढचं चित्र काढायचं, आणि झालं की पाट्या बदलायच्या. विंडोजवर काटा सुरेख फिरला. युनिक्सवर मात्र एकाचे दोन काटे झाले!

युनिक्सचं यंत्र होतं सुचेताच्या टेबलावर. पुण्याची, नवी, अजून कायम न झालेली. झालं, पद्मनाभला तेवढं पुरलं. ही जेवायच्या सुट्टीत यंत्राशी एकटीच काय करते? आपण जवळ गेलो की विंडो का मिटते? काहीतरी पाणी मुरतंय खास.

तेवढ्यात साहेबांनी, नरसिंहरावांनी, तिला कायम करायचं का म्हणून विचारलं.

"हुशार आहे, पण न सांगता फाईलला हात घालतीय बघा," पद्मनाभ म्हणाला.

"नक्की?"

"नक्की."

मग चोरी पकडायला त्याने मूळ फाईलची नक्कल ठेवलेली आपली फ्लॉपी घरून आणली आणि तिच्यावरची नि ऑफिसातली अशा दोन्ही फायली ताडून पाहिल्या. एका अक्षराचाही फरक नव्हता. तेव्हा कुठे त्याने स्वतःचा कोड नीट वाचला. वेळ वाचावा म्हणून त्याने अख्खी पाटी न पुसता फक्त शेवटचा काटा पुसला होता. विंडोजवर पाटी जागची हलत नाही, तिची फक्त नक्कल पडद्यावर जाते. युनिक्सवर पाट्या खरोखर बदलतात. तिथे हातात येणाऱ्या पाटीवर त्याच्याही आधीचा काटा तसाच राहिलेला.

शरमेने त्याचे कान तापले. तो तडक साहेबांकडे गेला.

"स्वल्प उशीर केलात," नरसिंहराव म्हणाले. "सकाळीच नाही म्हणून सांगितलं तिला. वरूनही सही झाली."

सुचेता खण रिकामा करत होती.

"चूक माझीच होती," पद्मनाभ म्हणाला. "जुना काटा पुसलाच जात नव्हता."

"माहितीये सर. सुट्टीत काटा अगदी स्लो फिरवून बघितला होता मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही आधी विचारलं असतं, तुला कसं कळलं?"

त्याने अगदी तेच विचारलं असतं.