चेन बघणारे काका

“जरा थांबा हं, मला भीती वाटते,” असं म्हणून काका पुढे यायचे आणि गाडीची किल्ली काढून, गाडी पुन्हा तपासून होईपर्यंत स्वतःच्या खिशात ठेवायचे. गिऱ्हाईक हेल्मेट घालून बसलेलं असायचं, मित्र फोन रोखून उभे असायचे, आणि साठीला आलेला हा माणूस सगळ्यांदेखत सांगायचा की आपल्याला भीती वाटते. त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नसे.

बडोद्याबाहेर महीच्या काठाला जमिनीला खोल घळी पडल्या आहेत. आमच्याकडे त्यांना कोतर म्हणतात. तिथे चार जाड चाकांच्या एटीव्ही भाड्याने फिरवायला देतात. मी तिथे काउंटरवर पावत्या फाडते. काका गाड्या सांभाळायचे. त्याआधी कोयलीकडच्या कारखान्यांत त्यांनी कंत्राटावर फिटरची कामं केली होती. घर शहरात, मांडवीत. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. मालक त्यांच्या भीतीवरून चिडवायचा, “काका, तमे तो लश्करवाळा, ने आटली बीक?” काका म्हणायचे, “पणजोबाही घाबरट असतील. म्हणून तर परत आले. नाहीतर मी कुठून आलो असतो?”

रोज सकाळी ते चेनी बघायचे. एटीव्हीची चेन मागची चाकं फिरवते. फार ताणलेली असली तर तुटते, फार सैल असली तर दात्यांवरून उडी मारते. माणूस बसला की गाडी दबते आणि चेन आणखी ताणली जाते, म्हणून ढील बघताना वर कुणीतरी बसायला लागायचं. ते काम माझ्याकडे. “या ताई, वजन द्या.” मी एकदा म्हटलं, “काका, हे जरा बऱ्या शब्दांत सांगा.” दुसऱ्या दिवसापासून ते “ताई, विराजमान व्हा,” म्हणायला लागले.

खाली वाकून ते चेन मधोमध बोटाने दाबायचे. मग गाडी वीतभर पुढे ढकलून पुन्हा दाबायचे, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. मागचे बोल्ट आवळून झाले की परत एकदा, कारण आवळताना ताण बदलतो. वर बसल्या बसल्या मला फक्त त्यांचा श्वास ऐकू यायचा.

गाड्या घळीत उतरल्या की काका फाटकाशी उभे राहायचे. हातातल्या चहावर साय धरायची. एखाद्या इंजिनाचा आवाज मध्येच थांबला की ते मान वळवायचे, तो पुन्हा सुरू झाला की एक घोट घ्यायचे. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याच्या शेजारी थोडा वेळ उभं राहिलं की आपल्यालाही काहीबाही ऐकू यायला लागतं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी कॉलेजातली मुलगी आली. “आई, बस एक राउंड.” काकांनी त्या गाडीची चेन सकाळी बघितली होती, तरी पुन्हा बघितली. “उतारावर वेग नको हं, बेटा.” ती “हो काका” म्हणाली आणि गेली.

थोड्या वेळाने खालून खणकन आवाज आला आणि मग काहीच नाही. काकांच्या हातातला कप पडला. त्या वयात ते इतके पळू शकतात हे मला ठाऊक नव्हतं.

उताराच्या वळणावर गाडी आडवी झाली होती. चेन निसटून अडकली होती, मागची चाकं जाम. पुढचं एक चाक कडेबाहेर, हवेत. त्याखाली मातीचा सरळ कडा. मुलगी हँडल धरून ताठ बसली होती. मी धावणार तोच काकांनी दंड धरला. “ताई, इथेच. माती सुटतेय.”

ते पोटावर आडवे झाले, सरपटत गेले आणि गाडीचा मागचा दांडा दोन्ही हातांनी धरला. मग त्यांनी मुलीला हळूच विचारलं,

“घाबरलीस?”

“हो.”

“मी पण. चालेल. फक्त हलू नकोस.”

मालक दोर घेऊन आला. गाडी बाभळीला बांधली. मग काका म्हणाले, “आता हँडल सोड. खाली बघू नको. सीटवरून मागे सरक.” ती इंच इंच सरकली. काकांनी तिचं जॅकेट धरून ओढलं आणि दोघं मातीत पडली. मुलगी मला येऊन बिलगली. काका मात्र पालथेच पडून राहिले. त्यांना आम्ही उठवलं.

चेनमध्ये बाभळीची फांदी सापडली. मालकाने काकांना दोष दिला नाही. “काका, तमारो वांक नथी,” म्हणाला. काकांनी फांदी उलटसुलट करून बघितली. “फांदी असेल. पण चेन मी बघितली होती.”

पुढे ते रोज कामावर आले, पण त्यांचा हात थांबेना. चेन दाबायची, बोल्ट सैल करायचे, आवळायचे, परत दाबायची. गिऱ्हाईक ताटकळायचं, मी गाडीवर बसून राहायची. एकदा खालून आवाज आला, “ताई, बरोबर आहे का हो?”

“काका, मला त्यातलं काय कळतं?”

“मलाही कळेनासं झालंय.”

त्याच आठवड्यात त्यांनी बोल्ट आवळायचे पाने पुसून पेटीत ठेवले आणि आता आपल्याच्याने होत नाही म्हणून मालकाला सांगितलं, “हवे नथी थतुं, भाई.” मालकाने पुष्कळ विनवलं. ते गेले.

उत्तरायणाला मुलगी म्हणाली, काकांना तिळगूळ देऊन येऊ. मांडवीत प्रत्येक गच्चीवर स्पीकर, पिपाण्या, पतंग कापल्याची आरडाओरड. काकूंनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

“झोपलेत,” त्या कुजबुजल्या. “लग्नानंतर पहिल्यांदाच यांना दुपारचं झोपलेलं बघतेय. उठवू का?”

“नको, नको,” मुलगी म्हणाली.

आतल्या खोलीत काका कुशीवर झोपले होते. तोंड किंचित उघडं, एक हात पलंगाबाहेर लोंबत होता. मुलगी दारात बराच वेळ उभी राहिली. मग तिने डबा काकूंच्या हातात दिला आणि आम्ही चपला हातात घेऊन जिना उतरलो.