पेल्याच्या बुडावरची फुली

मेडिकलला लागून जेमतेम चार महिने झाले होते, तेवढ्यात सिल्लोडच्या आमच्या गल्लीनं मला डॉक्टरीण करून टाकलं. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेल्याला वीसेक वर्षं उलटली होती, तरी वडील माझ्या कॉलेजच्या कागदांवर सही उर्दूतच करायचे. आपली पोर औरंगाबादेत मुडदे फाडते याचा त्यांना भारी अभिमान. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तर ओसरीवर ही रांग! कुणी जीभ दाखवतंय, कुणी गुडघा. मला तेव्हा फक्त हातापायांची हाडं येत होती. पण ‘मला अजून कळत नाही’ हे चार शब्द काही तोंडातून निघाले नाहीत.

सगळे गेल्यावर मायनं माझ्या सोळा वर्षांच्या धाकट्या बहिणीला पुढं केलं. म्हणाली, "बाई, हिच्या मानंत गाठ येती बघ. घास गिळला की येती, मंग जाती."

येती आणि जाती. त्यातच सगळं उत्तर होतं, पण ऐकायला मी जाग्यावर होते कुठं? दोन बोटं तिच्या मानेवर दाबली. बोटांना काहीच लागलं नाही. पण काही लागत नाही असं सांगायला का मी डॉक्टरीण झाले होते? कपाळाला आठी घातली आणि म्हणाले, "गंडमाळ दिसते. टीबीची असते ही."

वडिलांचा चेहरा उतरला. गावातल्या डॉक्टरला दाखवायचं तर बोभाटा होणार, पोरीचं लग्न अडणार. ठरलं असं, की माझी परीक्षा झाली की मीच तिला औरंगाबादला नेऊन दाखवायचं. तोवर तिचं ताट, पेला, अंथरूण वेगळं. पितळी पेला ओळखू यावा म्हणून त्याच्या बुडावर खिळ्यानं फुली मीच ओरखडली. केवढा तो शहाणपणा!

होळीच्या सुमारास डिसेक्शन हॉलमध्ये आम्ही मानेपर्यंत आलो. मानेत ओमोहायॉइड नावाचा एक बारका स्नायू असतो. पुस्तकाप्रमाणं तो खांद्याच्या पात्यापासून निघतो, मधे एका पातळ पट्ट्यानं गळ्याखालच्या हासळीच्या हाडाशी बांधलेला असतो आणि तिथून वर गळ्याकडं जातो. आमच्या टेबलावरच्या देहात डावीकडं तो बरहुकूम सापडला. उजवीकडं मात्र तो खांद्याकडं फिरकलाच नव्हता, थेट हासळीवरूनच वर निघाला होता. पुस्तकात नाही म्हणजे कचरा, असं समजून मी तो कापायला चिमट्यात धरला.

"थांब!" मागून आमचे सर ओरडले. "पुस्तकातली मान चित्रकाराची आहे, ही माणसाची आहे. हा स्नायू कुणात दुहेरी असतो, कुणात अर्धाच. आणि कुणाचा मधला पट्टा ढिला असतो. मग घास गिळताना स्नायू बाहेर उसळतो, गाठच वाटते. गिळून झालं की परत जागेवर. आजार नसतो तो."

मी चिमटा खाली ठेवला. सर पुढं काय बोलले ते मला आजही आठवत नाही. मायचं वाक्यच या माणसानं जसंच्या तसं म्हटलं होतं. दिवाळी ते होळी, चार महिने माझी बहीण भिंतीकडं तोंड करून जेवत होती, आणि तिला तिथं बसवणारी मी होते. मला स्वतःची भयंकर भीती वाटली.

सरांना रडत रडत सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "उद्या तिला घेऊन ये." त्याच रात्री सिल्लोड गाठलं आणि सकाळच्या एसटीनं तिला घेऊन आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणि त्यांच्या ओळखीच्या सर्जननं तिला पाणी प्यायला लावलं, मान चारही अंगांनी तपासली. टीबी नव्हता. काहीच नव्हतं.

संध्याकाळी एसटीनं दोघी घरी आलो आणि मी सगळ्यांसमोर चूक कबूल केली. वडील बाहेर निघून गेले. माय कपाळावर हात मारून म्हणाली, "लेकराला कुशीत नाय घेतलं गं मी चार महिने!"

मी कोनाड्यातला फुलीचा पेला उचलला, भरला, मायच्या डोळ्यांदेखत अर्धा प्याले. बहिणीनं झडप घालून तो माझ्या हातातून ओढला.

"आक्का, नको ना पिऊ! तुला व्हईल!"

"अगं, सरांनी काय सांगितलं? तुला काही नाही."

"व्हय. पण तूच म्हणली व्हतीस ना."

आता तिला नातवंडं आहेत. माझ्याकडं आली की पाणी पिते, पेला स्वतः विसळते आणि ओट्याच्या कडेला, आमच्या पेल्यांपासून लांब, पालथा घालते. मी दर वेळी तिच्यावर ओरडते. ती हसते आणि म्हणते, "असू दे गं आक्का, सवय हाय."